सुरत कोणाच्या राज्यात होती? चौथाई, किल्ला आणि साम्राज्यांची तुलना

हजिऱ्यात ‘मल्टिनॅशनल’ हा शब्द उच्चारला की कंपनीच आठवते. पोलाद, खत, गॅस, बंदर आणि त्यांच्या शिफ्ट. या टिपणात तो शब्द जरा जुन्या अर्थाने घ्यायचा आहे. अनेक लोकसमूह, अनेक भाषा, अनेक धर्म एका छत्राखाली बाळगणारं राज्य, म्हणजे बहुराष्ट्रीय साम्राज्य. तापीच्या मुखाजवळच्या आपल्या या पट्ट्याने अशी साम्राज्यं नुसती एकामागून एक पाहिली नाहीत, एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन पाहिली आहेत. शाळेत शिकलेल्या इतिहासाची गाडी नेमकी तिथंच अडते.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला, मग तो धुळे-जळगावकडून आलेला असो की कोकणातून, एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच: ‘तुमच्या शिवाजी महाराजांनी आमचं गाव लुटलं होतं ना?’ विचारणारा बहुतेक वेळा हसत विचारतो. उत्तर देणारा मात्र गडबडतो, नाहीतर चिडतो. एकाला तो पराक्रम वाटतो, दुसऱ्याला दरोडा. वाद १६६४ आणि १६७० या दोन सालांवर येऊन थांबतो. पण दोघांनीही न बोलता एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सुरत कुठल्यातरी एका राज्याच्या हद्दीत होती आणि मराठे बाहेरून आले. नकाशावर एक रंग, कडेला एक रेघ, आणि रेघ ओलांडून आलेले घोडेस्वार.

माझं म्हणणं असं की हे गृहीतच तपासलं पाहिजे. आणि ते तपासायचं तर फक्त मराठे-मोगल असं बघून भागत नाही. तुर्कस्तानचे उस्मानी, मध्य युरोपातले हॅब्सबर्ग, चीनचे छिंग, मॉस्कोचे झार यांच्या शेजारी सुरत ठेवून बघावी लागते. तसं केलं की सुरतेत जे ‘विचित्र’ वाटतं ते त्या काळच्या राज्यांचं रोजचं चालणं होतं, हे दिसायला लागतं.

आधी आपल्या दाराशी काय आहे ते बघू. गुजरातीत ‘हजीरो’ म्हणजे मकबरा. अहमदाबादेत ‘राणीनो हजीरो’ आहेच. आपल्या गावाचं नाव त्याच शब्दाचं. शेजारचं सुवाली हे खऱ्या अर्थाने सुरतेचं बंदर. तापीच्या मुखात गाळ, वाळूचे बांध आणि भरती-ओहोटीचा मोठा फरक, त्यामुळे मोठी गलबतं शहरापर्यंत जाऊच शकत नसत. ती सुवालीच्या आडोशाला नांगर टाकत आणि माल बैलगाड्यांनी किंवा लहान होड्यांनी शहरात जाई. पावसाळा सरला की किनाऱ्यावर तात्पुरत्या झोपड्यांचा बाजार उभा राही. वाणी, दलाल, हमाल, खलाशी, सगळे. पावसाळा तोंडावर आला की तो बाजार उठे.

याच सुवालीसमोर १६१२ च्या अखेरीस कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रजी जहाजांनी पोर्तुगिजांना परतवून लावलं. १६१५ मध्ये सर थॉमस रो जहांगीर बादशहाकडे वकील म्हणून निघाला तो इथंच उतरला. इंग्रजी पुस्तकांत ही ‘स्वालीची लढाई’ म्हणजे ब्रिटिश साम्राज्याची पायरी. पण लढाई कोणाच्या पाण्यात झाली ते बघा. किनारा मोगलांचा, लढणारे दोघेही परके, आणि बादशहाचे अंमलदार किनाऱ्यावरून कोण जिंकतंय ते पाहतायत. आजच्या नजरेला हे बादशहाचं दुबळेपण वाटेल. मोगलांनी समुद्र जिंकायचा विषय जवळजवळ सोडूनच दिला होता. त्यांची सत्ता जमिनीच्या महसुलावर आणि घोड्यांवर उभी होती. समुद्रावर त्यांना हजच्या जहाजांची वाट मोकळी हवी होती, बस. त्यासाठी ते पोर्तुगिजांचे परवाने घ्यायलाही तयार होते. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा तिला सुरतेत जवळजवळ वर्षभर थांबावं लागलं, कारण समुद्रात सुरक्षित जाण्याची हमी पोर्तुगिजांकडून यायची होती. १५७६ मध्ये ती निघाली. त्या काळच्या बलाढ्य बादशहाच्या घरची वडीलधारी बाई, आणि ती दुसऱ्याच्या दाखल्यासाठी ताटकळते!

पण १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी ‘रहीमी’ हे जहांगीरच्या आईचं मोठं जहाज पकडलं, तेव्हा मात्र बादशहा उसळला. त्याने आरमार बांधलं नाही. दमणला वेढा घालायला फौज पाठवली आणि इंग्रजांना जवळ केलं. समुद्रावरचं भांडण जमिनीवरून आणि तिसऱ्याच्या हातून सोडवलं. सत्ता कुठं स्वतः वापरायची आणि कुठं भाड्याने घ्यायची, याचा हा हिशेब होता.

आता शहरात जाऊ. चौक बाजाराजवळचा सुरतेचा किल्ला १५४० च्या दशकात बांधला तो खुदावंदखानाने. तो गुजरातच्या सुलतानाचा सरदार, पण आलेला उस्मानी मुलखातून. १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात पोर्तुगिजांशी लढताना मारला गेला. म्हणजे गुजराती सुलतानाच्या पैशाने, तुर्की वळणाच्या सरदाराने, पोर्तुगिजांविरुद्ध बांधलेला किल्ला. १५७३ मध्ये अकबराने वेढा घालून तो घेतला. पुढं शाहजहानने बंदराचं उत्पन्न आपली मुलगी जहांआरा हिला लावून दिलं. महापालिकेचं मुख्य कार्यालय आज ज्या मुगलसराईत आहे ती १६४४ ची, यात्रेकरू आणि व्यापारी यांच्यासाठी बांधलेली. आज तिथं घरपट्टीची कामं होतात. सरकारी कामासाठी हेलपाटे घालणाऱ्यांची सराई ती आजही आहेच म्हणा!

आणि माणसं? जैन सावकार वीरजी व्होरा, बोहरी जहाजमालक मुल्ला अब्दुल गफूर, तुर्की वंशाचे चलबी व्यापारी, पारशी दलाल रुस्तम माणेक, आर्मेनियन, इंग्रज, डच, फ्रेंच. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज शहरात शिरली तेव्हा हबशांच्या बादशहाचा, म्हणजे इथिओपियाचा, वकील सुरतेत मुक्कामाला होता आणि त्याचं सामानही त्या धामधुमीत गेलं. वकिलाचं नाव खोजा मुराद. तो स्वतः आर्मेनियन ख्रिस्ती व्यापारी. आफ्रिकेतल्या राजाचा आर्मेनियन वकील, फारसी बोलणाऱ्या दरबाराकडे निघालेला, गुजराती शहरात मराठ्यांच्या हाती सापडतो. ‘गुजरात विरुद्ध महाराष्ट्र’ या चौकटीत हे कसं बसवायचं?

मोगल साम्राज्य स्वतःच असं मिश्र होतं. ‘मोगल म्हणजे मुसलमान आणि विरुद्ध बाजूला हिंदू’ ही सोपी विभागणी आकडे बघितल्यावर टिकत नाही. अलिगढचे इतिहासकार एम. अतहर अली यांनी औरंगजेबाच्या काळातल्या मनसबदारांची मोजदाद केली. १६७९ ते १७०७ या काळात एक हजार किंवा त्याहून वरची मनसब असलेले ५७५ सरदार त्यांना सापडले. त्यांत हिंदू १८२, म्हणजे ३१ टक्क्यांहून जास्त. आणि त्यांपैकी मराठे ९६, राजपूत ७३. ज्या काळात औरंगजेब मराठ्यांशी अखंड लढत होता, त्याच काळात त्याच्या वरच्या सरदारांत मराठे राजपुतांपेक्षा जास्त झाले! इराणी, तुराणी, अफगाण हे आणखी वेगळेच. तळकोकणचा जंजिऱ्याचा सिद्दी, मूळचा हबशी, तो या साम्राज्याचा समुद्रावरचा सरदार, आणि त्याचा खर्च सुरतेच्या उत्पन्नातून भागवायचा.

हे एकट्या हिंदुस्थानात नव्हतं. उस्मानी सुलतान ख्रिस्ती घरांतली मुलं उचलून, मुसलमान करून, शिकवून कारभारात घेत. १५६५ पासून चौदा वर्षं वजीर असलेला सोकोल्लू मेहमेद पाशा हा बोस्नियातल्या ख्रिस्ती घरातला. चीनमध्ये छिंग घराण्याने मांचू, मंगोल आणि हान अशा तीन वेगळ्या पलटणी-जाती बांधल्या आणि त्या जाणूनबुजून वेगळ्याच ठेवल्या. अशी राज्यं माणसांना एकसारखं करण्याच्या मागे लागत नाहीत. ती वेगळेपण तसंच ठेवतात, प्रत्येक गटाशी वेगळा करार करतात, आणि सगळे करार आपल्यापाशी येऊन मिळतील एवढं बघतात. कॅरन बार्की या अभ्यासक बाईंनी उस्मानी साम्राज्यावरच्या आपल्या पुस्तकाला ‘एम्पायर ऑफ डिफरन्स’ असं नाव दिलंय, ते याच अर्थाने. आज आपल्याला राज्य म्हटलं की एक भाषा, एक कायदा, एक ध्वज डोळ्यासमोर येतो. तो साचा अलीकडचा. सतराव्या शतकातल्या माणसाला तो विचित्र वाटला असता.

एवढं ध्यानात घेऊन आता चौथाईकडे येऊ, कारण खरी मेख तिथं आहे.

चौथाई मराठ्यांनी शोधून काढली, असं सहसा समजतात. तसं नाही. आपल्या दक्षिणेला, दमणच्या मागच्या डोंगरात, रामनगरचं राज्य होतं. पुढं तेच धरमपूर संस्थान. तिथल्या राजाला दमणच्या पोर्तुगीज मुलखातल्या गावांच्या महसुलातला एक हिस्सा मिळत असे. त्या हिश्श्याला ‘चौथ’ आणि राजाला ‘चौथिया’ म्हणत. पोर्तुगिजांसारखी दर्यावर्दी सत्ता, जिच्या परवान्यासाठी अकबराची आत्या थांबली, ती डोंगरातल्या छोट्या राजाला हिस्सा देते, का? कारण तो गावं लुटू शकत होता, आणि लुटीपेक्षा हिस्सा स्वस्त. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतलं, तसा चौथिया राजाचा हक्कही शिवाजी महाराजांनी आपला म्हणून पुढं केला. त्याच वर्षी सुरतेकडे चार लाख रुपयांची मागणी गेली. म्हणजे १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांनंतरचं पाऊल होतं लुटीचं हप्त्यात रूपांतर. ही पद्धत आपल्याच भागातली, हजिऱ्यापासून दिवसभराच्या प्रवासातली.

‘म्हणजे खंडणीच की!’ असं कोणी म्हणेल. म्हणा. पण मग ती खंडणी कोण-कोण देत होतं तेही बघा.

१५४७ मध्ये हॅब्सबर्ग घराण्याने उस्मानी सुलतानाशी तह केला आणि हंगेरीपायी दर वर्षी ३०,००० सोन्याची नाणी इस्तंबूलला धाडायचं कबूल केलं. व्हिएन्नाच्या दरबारात तिला ‘मानाची भेट’ म्हणत. इस्तंबूलच्या दरबारात तीच रक्कम ‘खंडणी’. पैसे तेच, नावं दोन, आणि दोन्ही बादशहा आपापल्या प्रजेला सांगायला मोकळे. १६०६ च्या तहात ही रीत एकरकमी पैसे भरून थांबली. दुसरं उदाहरण मॉस्कोचं. रशियाचे झार क्रिमियाच्या तातार खानाला ‘भेटी’ पाठवत. न पाठवल्या तर तातार घोडेस्वार येत आणि माणसंच पकडून नेत, गुलाम म्हणून विकायला. क्रिमियाचा खान स्वतः उस्मानींचा मांडलिक. ही रीत बंद झाली ती १७०० च्या इस्तंबूलच्या तहाने, म्हणजे पीटर झारच्या काळात. तिसरं उदाहरण सुरतेला जास्त जवळचं: एड्रियाटिक किनाऱ्यावरचं दुब्रोव्हनिक, तेव्हाचं नाव रागुसा. छोटं व्यापारी शहर. ते सुलतानाला वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी देई आणि त्या बदल्यात सगळ्या साम्राज्यात मोकळेपणी व्यापार करी. शहराची सभा स्वतःची, कायदे स्वतःचे.

रागुसा कोणाच्या राज्यात होतं? ‘उस्मानी साम्राज्यात’ हेही खरं आणि ‘स्वतंत्र’ हेही खरं. त्या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि तिथल्या लोकांना ते नको होतं. दोन उत्तरांतच त्यांचा धंदा होता.

अठराव्या शतकातली सुरत अशीच आहे, फक्त जास्त गुंतागुंतीची. १७१९ पासून पिलाजी गायकवाडांचं ठाणं सोनगडला. व्यारा-सोनगड पट्ट्यातून ते हळूहळू खाली उतरले आणि सुरतेभोवतीचे परगणे, ज्याला ‘सुरत अठ्ठाविशी’ म्हणत, त्यांतलं उत्पन्न मराठ्यांकडे वळलं. शहर नवाबाचं, शिवार मराठ्यांचं. त्यातही मराठे एक नव्हते. १ एप्रिल १७३१ ला डभोईजवळ थोरल्या बाजीरावाने त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला, तो मुख्यतः गुजरातच्या उत्पन्नावर कोणाचा हक्क यापायीच. नंतर १७५०-५३ च्या सुमारास दमाजी गायकवाड आणि पेशवे यांनी गुजरात निम्मा-निम्मा वाटून घेतला. सुरतेत मग पेशव्यांचा आणि गायकवाडांचा असे चौथ वसूल करणारे वेगवेगळे कारकून बसू लागले. किल्ल्याचा किल्लेदार वेगळा, शहराचा नवाब वेगळा, समुद्राचा सिद्दी वेगळा, वखारवाले वेगळे.

यदुनाथ सरकारांसारख्या मोठ्या इतिहासकाराने या काळाला ‘मोगल साम्राज्याचा पाडाव’ म्हटलं, आणि त्या शीर्षकाच्या चार खंडांनी आपली समजूत घडवली: मध्य कोसळला म्हणून सगळीकडे अंदाधुंदी. डच इतिहासकार आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये उलट बाजू मांडली. त्यांचं म्हणणं, वरच्या सत्तेशी भांडणं, फुटणं, मग वाटाघाट करून हक्काची सनद मिळवणं, ही बंडाळी नव्हे. या साम्राज्यांची वाढण्याची रीतच ती. मला विंक पूर्ण पटत नाहीत. सगळ्याच गोष्टीला ‘रीत’ म्हटलं की ज्याचं घर जळलं त्याचं म्हणणं कुठंच नोंदलं जात नाही. पण सनदांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं दिसतं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सातारकर छत्रपतींनी त्या बदल्यात बादशहाची चाकरी कबूल केली होती, फौज ठेवण्याची आणि पेशकश भरण्याची. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी मिळवलेलं ‘वकील-इ-मुतलक’ हे पद तसंच. दिल्ली ताब्यात, पण नाव बादशहाचं.

याला युरोपात अगदी जुळं भावंड आहे. जर्मन मुलखातलं ‘पवित्र रोमन साम्राज्य’. त्यातले राजे-संस्थानिक एकमेकांशी लढत, बादशहाशीही लढत, पण मान हवा तो बादशहाकडूनच. ब्रांडेनबुर्गचा फ्रेडरिक १७०१ मध्ये प्रशियाचा राजा झाला, तो बादशहाची संमती पदरात पाडून. आणि आता आपल्या किल्ल्याकडे या. मार्च १७५९ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून सुरतेचा किल्ला घेतला. घेतल्यावर काय केलं? दिल्लीला अर्ज. बादशहाकडून किल्लेदारीच्या आणि आरमाराच्या सनदा आणवल्या, सिद्दीची जागा रीतसर आपल्या नावावर करून घेतली. ईस्ट इंडिया कंपनी मोगल बादशहाची किल्लेदार झाली. त्याच वेळी त्यांचा राजा दुसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचा संस्थानिक म्हणून त्या जर्मन बादशहाचा मांडलिक होता. राजा एका म्हाताऱ्या साम्राज्याचा सरदार, त्याची कंपनी दुसऱ्या म्हाताऱ्या साम्राज्याची नोकर! यात कोणालाही विसंगती वाटली नाही, कारण तेव्हा ती नव्हतीच.

तुलनेचा फायदा हा. पण तुलना साबणासारखी वापरू नये, म्हणजे सगळे डाग धुऊन टाकायला. ‘सगळेच तसं करत होते’ हे स्पष्टीकरण आहे, सफाई नव्हे. १६६४ मध्ये वीरजी व्होराचा वाडा लुटला आणि जाळला गेला, शहराचा मोठा भाग जळाला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर वाऱ्यावर सोडलं, हेही तितकंच खरं. औरंगजेबाने नंतर व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली आणि मातीच्या कोटाच्या जागी विटांचा कोट आला. पण ज्याचं गेलं त्याचं गेलंच. मराठ्यांचा हात जिथं पुढं पोचला तिथं, म्हणजे बंगालमध्ये १७४० च्या दशकात, बारगीर स्वारांची दहशत आजही आयांच्या अंगाईत शिल्लक आहे. सुरतेच्या शेजाऱ्याची आठवण आपण ऐकून घ्यायला हवी ती अशासाठी. त्याच्याकडची आठवण खोटी नाही, अपुरी आहे. आपलीही.

अपुरी कशी, तर मराठे या भागात फक्त स्वारी करून गेले नाहीत, ते राहिले. सोनगड, नवसारी, बडोदा इथं पुढची दोन शतकं राज्य करणारं घराणं मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, दफ्तर मोडीत, आणि पुढं कारभारात गुजराती. १८७४ मध्ये या मराठी राज्याचे दिवाण झाले ते नवसारीच्या पारशी घराण्यातले दादाभाई नौरोजी. तिकडं दक्षिणेत तंजावरला व्यंकोजींचे वंशज तमिळ मुलखात राज्य करत होते आणि दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत चारही चालत. मराठी सत्ता हीसुद्धा बहुराष्ट्रीय साम्राज्यच होती, आपण तिला तसं म्हणत नाही एवढंच. ‘स्वराज्य’ हा शब्द आपण पुण्या-साताऱ्यासाठी वापरतो आणि नकळत सोनगड-तंजावरवरही पांघरतो. त्या काळच्या कागदांत मात्र ‘स्वराज्य’ आणि ‘मुलूखगिरी’ हे दोन वेगळे प्रांत होते. फरक त्यांना माहीत होता.

एक मोठा फरक मात्र तुलनेतूनच पुढं येतो. उस्मानी सुलतानाने रागुसाकडून पैसे घेतले आणि बदल्यात सगळ्या साम्राज्याचा बाजार दिला. मराठ्यांनी सुरतेकडून चौथ घेतली, पण बदल्यात द्यायला त्यांच्याकडे समुद्र नव्हता. जहाजांना संरक्षण देणं त्यांना जमणार नव्हतं. ते इंग्रजांना जमत होतं. सुरतेच्या व्यापाऱ्याने हळूहळू कोणाकडे पाहिलं असेल, ते सांगायला नको. १७५९ मध्ये इंग्रजांच्या तोफा शहरावर वळल्या तेव्हा शहरातल्या पैसेवाल्यांचा एक गट त्यांच्या बाजूनेच होता. चौथाईची रीत डोंगरातल्या चौथिया राजाकडून आलेली, आणि तिची मर्यादाही तीच: ती जमिनीवरची. हजिऱ्याच्या किनाऱ्यावरून बघितलं की हे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं पुण्याहून दिसत नाही.

शेवट झटपट झाला. १३ मे १८०० ला नवाबाने शहराचा कारभार कंपनीकडे सोपवला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने सुरतेवरचे आपले हक्क सोडले. गायकवाडांनी त्याच सुमारास सुरतेच्या चौथाईतला आपला हिस्सा आणि चौऱ्याशी परगणा इंग्रजांना दिला. आपला आजचा चोर्यासी तालुका तो हाच, हजीरा आणि सुवाली त्यातच. तीन वर्षांत नवाब, पेशवा, गायकवाड असे तीन थर निघाले आणि खाली एकच रंग उरला. नकाशावरचा तो सपाट रंग, जो आपण नंतर मागच्या सगळ्या शतकांवर फासला, तो इथं पहिल्यांदा लागला. तरी नाण्यांवर बादशहा राहिलाच: सुरती रुपया कंपनी १८३५ पर्यंत शाह आलमच्याच नावाने पाडत होती, आणि शाह आलम वारला होता १८०६ मध्ये.

मंडळातल्या वाचकांना एक विनंती. गायकवाडांचे मोडी कागद बडोद्याच्या दफ्तरात आहेत आणि पेशव्यांचे पुण्याच्या पुराभिलेखागारात. सुरतेच्या चौथाईचे हिशेब, चौथ वसूल करणाऱ्या कारकुनांची पत्रं, चौऱ्याशी परगण्यातल्या गावांची नावं त्यांत शोधायची, तर मोडी वाचणारा आणि सुरती गुजराती समजणारा अशी दोन माणसं एका टेबलाशी बसली पाहिजेत. गुजराती समजणारे आपल्यात भरपूर आहेत. घरात आजोबा-पणजोबांपैकी कोणी मोडी शिकलेलं असेल, निदान त्यांचं पुस्तक किंवा कित्त्याची वही असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या.